इंग्लंडच्या खेड्यात मुक्काम: पबमधली खोली बरी की बी अँड बी?

एप्रिल लागला की इथल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. आई-बाबा येतायत, लंडन दाखवून झालंय, एडिंबरा पुढच्या वेळी. आता दोन-तीन दिवस जरा खेड्यात न्यायचंय, तर राहायचं कुठे? यॉर्कशायर डेल्सला जायचं, लेक डिस्ट्रिक्टला की कॉट्सवोल्ड्सला, हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते मुक्कामाशी. समोर दोन पर्याय असतात: गावातल्या जुन्या पबच्या वर किंवा मागे असलेल्या खोल्या, नाहीतर कुणाच्या तरी घरातली बी अँड बी (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे खोली आणि सकाळची न्याहारी). मी दोन्हीकडे राहिलोय. एकटा, बायको-मुलांसह आणि आई-बाबांना घेऊनही. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच. पण दुसऱ्या बाजूलाही बरंच काही आहे, ते आधी सांगतो.

साखळी हॉटेलं आणि कॉटेज यांचं काय, असं कुणी विचारेल. साखळी हॉटेलात लिफ्ट असते, गादी चांगली असते, सहसा काही बिघडत नाही. पण ते बहुधा रिंगरोडच्या कडेला असतं, आणि तिथल्या खिडकीतून जे दिसतं ते बघायला एवढ्या लांब यायची गरज नव्हती. कॉटेज उत्तम, पण भर उन्हाळ्यात ती बऱ्याचदा आठवड्याच्या हिशेबानेच मिळते. घरात तान्हं मूल असेल, किंवा दुसऱ्याच दिवशी वरण-भाताची आठवण काढणारं कुणी असेल, तर सरळ कॉटेज घ्या. पुढचं वाचायचीही गरज नाही.

बी अँड बीच्या बाजूने

कोकणात घरगुती राहण्याची सोय असते, साधारण तोच हा प्रकार. मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, वरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना. मुलं शिकून बाहेर पडली आणि घर मोठं वाटायला लागलं म्हणून हे सुरू केलं, असं निदान चार ठिकाणी तरी ऐकलंय. खोलीत किटली, चहाच्या पिशव्या, दोन-दोनच्या पाकिटातली बिस्किटं. पायाखाली जाड कार्पेट. रात्री दहानंतर घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता, आणि ही शांतता पबमध्ये मिळत नाही हे आत्ताच सांगून टाकतो.

न्याहारीत बी अँड बी सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आदल्या रात्री एक कागद देतात, त्यावर खुणा करायच्या: अंडं कसं, टोस्ट कोणता, किती वाजता. बेकन-सॉसेज नको म्हटलं तर बाई विचारतात की मग त्याऐवजी मश्रूम जास्त घालू का, टोमॅटो भाजून देऊ का. ब्लॅक पुडिंगमध्ये डुकराचं रक्त असतं, हे त्या आपणहून सांगतात. आईला एकीने अंडं चालत नाही म्हटल्यावर ओट्सची पेज करून दिली होती, वर मध आणि बागेतली रासबेरी. पबमध्ये सकाळी जो स्वयंपाक करतो तो आदल्या रात्री अकरापर्यंत ओट्यापाशी उभा असतो. त्याच्याकडून ही हौस अपेक्षित धरू नये.

शिवाय बाईंना गावाची खडान्‌खडा माहिती असते. कोणत्या शेतातून जाणाऱ्या वाटेवर सध्या बैल सोडलेत, कोणत्या पुलाखाली पाणी चढलंय, रविवारची बस खरंच येते का. हे नकाशात नसतं.

एवढं सगळं असूनही मी हल्ली बी अँड बी घेत नाही. कारण एकच आहे, आणि ते ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतं.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न

बी अँड बीमध्ये रात्रीचं जेवण नसतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. खेड्यात त्याचा अर्थ नेमका काय होतो, ते मात्र तिथे संध्याकाळ झाल्यावर कळतं.

शहरात ‘बाहेर जेवू’ म्हणजे चार दुकानं ओलांडली की काहीतरी मिळतं. डेल्समधल्या गावात एक चर्च, एक लाल टेलिफोन बूथ (त्यात आता हृदयाचं यंत्र ठेवलेलं) आणि असलाच तर एक पब. त्या पबचं स्वयंपाकघर सहाला उघडतं आणि साडेआठला, फार तर नऊला बंद होतं. बार पुढे अकरापर्यंत चालू असतो, पण पोटात घालायला बटाट्याच्या वेफर्सपलीकडे काही मिळत नाही. आपली फसगत उजेडामुळे होते. जूनमध्ये तिकडे सूर्यच मावळतो पावणेदहाच्या सुमाराला. आठ वाजता बाहेर आपल्याकडच्या पाच वाजल्यासारखं लख्ख ऊन असतं, त्यामुळे जेवणाची वेळ झालीय असं वाटतच नाही. त्यातून आपल्याला नऊला जेवायची सवय.

दुसरा सापळा रविवार-सोमवारचा. रविवारी दुपारी बारा ते चारच्या दरम्यान रोस्टची (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही) झुंबड असते, त्यानंतर संध्याकाळी बरीच स्वयंपाकघरं बंद. सोमवारी स्वयंपाक्याला सुट्टी. काही गावांत तर सोमवारी अख्खा पबच बंद असतो.

आमच्या वाट्याला सोमवारच आला. आई-बाबा बरोबर होते, बी अँड बी देखणी होती, बाई प्रेमळ. गावातल्या पबच्या दारावर पाटी: आज जेवण नाही. बाबांना मधुमेह आहे, जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात. पुढच्या गावाला गेलो. तिथे सगळी टेबलं आधीच राखून ठेवलेली, वाट बघायला जागा बारच्या कोपऱ्यात उभं राहून. तिसऱ्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बारमागच्या मुलीने आत जाऊन विचारलं, परत येऊन मनापासून माफी मागितली, फ्रायर बंद केलाय म्हणाली. तिने वेफर्सची आणि खारवलेल्या दाण्यांची पाकिटं समोर ठेवली, त्यातलं एक तिच्याकडून.

मग परतीची वाट. ज्यांनी तिकडे गाडी चालवली आहे त्यांना सांगायला नको. एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेल्या खांद्याएवढ्या भिंती, मध्येच समोरून मेंढ्यांचा ट्रेलर जोडलेली लँड रोव्हर येते आणि तो काही मागे जाणार नसतो. आपणच उलटं सरकत शेवटची रुंद जागा गाठायची. बाबा मागे वळून ‘डावीकडे, डावीकडे’ करत होते, आई डोळे मिटून बसली होती. खोलीवर आलो तर भिंतीवर सूचना: कृपया खोलीत जेवू नये. पांढऱ्या शुभ्र चादरीवर बाथरूममधला टॉवेल पसरून आम्ही चौघांनी पिशवीतला चिवडा, दाणे आणि त्या इवल्या बिस्किटांवर रात्र काढली. कण पडू नयेत म्हणून आई हाताचा द्रोण करून खात होती.

सकाळी बाईंना कळलं तेव्हा त्या हळहळल्या. सांगायचंत ना, मी टोस्ट आणि सूप दिलं असतं. दिलं असतंच, यात शंका नाही. पण रात्री दहाला कुणाच्या घराच्या आतल्या दारावर टकटक करून खायला मागणं आपल्याच्याने होत नाही, आणि मला वाटतं खरा मुद्दा हाच आहे. तिथे आपण पाहुणे असतो, गिऱ्हाईक नसतो. पबमध्ये आपण गिऱ्हाईक असतो आणि त्यामुळे मागायला संकोच वाटत नाही.

पबमध्ये खोली घेताना फोनवरच विचारतात, रात्री जेवणार का, टेबल किती वाजताचं ठेवू? राहणाऱ्यांचं टेबल आधी लागतं, बाहेरच्यांचं नंतर. स्वयंपाकघर बंद असण्याच्या दिवशीही राहणाऱ्यांना काहीतरी, निदान सूप आणि पाव-चीज, मिळाल्याचा माझा अनुभव आहे. सगळीकडे मिळेलच अशी हमी मी देणार नाही. जेवण झालं की जिना चढायचा आणि झोपायचं. गाडीची किल्ली वरच राहते.

त्या किल्लीला आणखी एक अर्थ आहे. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने बी अँड बीच्या मुक्कामात ग्लासाला हात लावू नये. इंग्लंडमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम आहे. स्कॉटलंडने ती २०१४ पासून ५० वर आणलीय. पण मर्यादेचं गणित बाजूला ठेवा, त्या भिंतींमधून अंधारात उलटं सरकायचं असेल तर अर्धा पाइंटही नको. खेड्यात टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही. दुपारीच सांगून ठेवावी लागते.

पबची दुखणी

आता पबबद्दल तक्रार करण्यासारखं काय काय आहे, तेही सांगायला हवं.

आवाज. बारच्या बरोब्बर वरची खोली मिळाली आणि शुक्रवारी क्विझ किंवा गाणी असली तर अकरापर्यंत झोप विसरा. त्यानंतर खुर्च्या टेबलांवर चढवण्याचा खडखडाट. सकाळी पिंपं उतरवणारा ट्रक आला तर तो साडेसातला. स्वयंपाकघराच्या धुराड्याचा पंखा कोणत्या खिडकीखाली आहे हेही बघावं लागतं, नाहीतर स्वेटरला दोन दिवस तळणाचा वास येतो. सिगारेटचा वास मात्र नाही. इंग्लंडमध्ये जुलै २००७ पासून बंद जागेत ओढायला बंदी आहे.

जिने. हे मी आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. जुन्या पबचा जिना अरुंद, चढा आणि मध्येच वळणारा. लिफ्टची अपेक्षा धरू नका. तुळया इतक्या खाली की सहा फुटी माणसाला पहिल्या संध्याकाळी एक तरी टेंगूळ येतंच. जमीन कलती, एका खोलीत चाकांची बॅग उभी ठेवली तर ती आपली आपण खिडकीकडे निघायची. आम्हाला गंमत वाटली, गुडघे दुखणाऱ्याला वाटणार नाही.

यावर उपाय आहे. घोडागाड्यांच्या काळातल्या वाटसरूंसाठी बांधलेल्या सराया आजही ओळखू येतात, कारण त्यांच्या दर्शनी भागात गाडी आत जाईल एवढी मोठी कमान असते आणि मागे फरसबंद अंगण. १७८४ मध्ये टपालगाड्या सुरू झाल्या, ठरावीक टप्प्यावर घोडे बदलायचे, प्रवाशांनी जेवायचं किंवा मुक्काम करायचा, अशी ती व्यवस्था. पुढे रेल्वे आली आणि तबेले ओस पडले. त्याच तबेल्यांच्या आता खोल्या झाल्यात: तळमजल्यावर, जाड भिंतींच्या, बारपासून लांब, गाडी दारात. ‘मुख्य इमारतीतली खोली’ ऐकायला भारी वाटते, पण आई-बाबांसाठी अंगणातलीच मागा.

आणखी एक छोटी गोष्ट. खेड्यातले बरेच पब दुपारचं जेवण संपल्यावर तीन ते सहा बंद असतात. चारला सामान घेऊन पोहोचलात आणि दार वाजवत बसलात तर कुणी येणार नाही. आधी फोन केला तर किल्ली कुठे ठेवलीय ते सांगतात. (बी अँड बीतही चार ते सहाच्या दरम्यानच या, असं असतं. या बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही.)

आईचा आक्षेप वेगळाच होता. ‘अरे, दारूच्या गुत्त्यावर झोपायचं?’ असं तिने मुंबईहून निघण्याआधीच विचारलं होतं. तिला जो बार डोळ्यांसमोर येतो तो काळ्या काचांचा, आत कुणी ओळखीचं दिसलं तर तोंड लपवायला लावणारा. इथे शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तिला काय दिसलं असेल तर शेकोटीपुढे पसरलेला ओला कुत्रा, कोपऱ्यात विणकाम करणाऱ्या दोन आज्या आणि आपल्या नातवाबरोबर डोमिनोज खेळणारा म्हातारा. नंतर तिने तो विषय काढला नाही. आपण न पिणारे असलो तरी काही बिघडत नाही. सोडा आणि लिंबाचं सरबत हातात धरून अख्खी संध्याकाळ बसलेल्या बाबांकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

एकच रीत समजून घ्यावी लागते. टेबलावर वेटर येईल म्हणून बसून राहू नका. टेबलाचा नंबर बघायचा, बारपाशी जाऊन ऑर्डर द्यायची, बहुधा तिथेच पैसे. बारपाशी रांग दिसत नाही पण असते. आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकजण मनात धरून असतो, आणि बारमन चुकून आधी आपल्याकडे वळला तर शेजाऱ्याकडे हात करून ‘आधी हे’ म्हणायचं. एवढं केलंत की तुम्ही तिथले झालात.

ताटात काय येतं

जेवणाची तुलना करायला बी अँड बीकडे काहीच नाही, म्हणून हे पबबद्दलच. पण निवड करताना ‘आपल्याला तिथे खाता येईल का’ हा प्रश्न असतो, तेव्हा थोडं सविस्तर.

बीफ न खाणाऱ्यांसाठी: स्टेक अँड एल पाय (पाय म्हणजे pie, पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ; एल म्हणजे इथली पारंपरिक बिअर) म्हणजे बीफ, कॉटेज पाय म्हणजेही बीफ, शेफर्ड्स पाय मात्र मेंढीच्या मांसाचा. कंबरलँड सॉसेज डुकराचं. चिकन अँड लीक पाय, फिश पाय, लँब शँक ही सुरक्षित ठिकाणं. पाय मागवताना एक बघा, चारी बाजूंनी कवच आहे का. वाडग्यात रस्सा ओतून वर पफ पेस्ट्रीची टोपी ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. यॉर्कशायरमध्ये कुठे कुठे चिप्स बीफच्या चरबीत तळतात, आणि यॉर्कशायर पुडिंगही (रोस्टबरोबरचा पिठाचा फुगीर, बिनगोड प्रकार) त्याच चरबीत फुलवलेलं असू शकतं. शाकाहारी रोस्ट मागवलात तर ग्रेव्ही कशाची आहे ते आवर्जून विचारा. भाज्यांवर सगळ्यांसाठी केलेली ग्रेव्ही ओतून आणलेली मी पाहिली आहे. विचारायला लाजू नका. चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं त्यांना कायद्याने भागच आहे, त्यामुळे बारमागे एक फाइल असते आणि असे प्रश्न त्यांना रोजचे आहेत.

शाकाहारी माणसाची पहिली रात्र मजेत जाते: बटरनटचा पाय, मश्रूमची रिसोतो, हलूमी चीज. तिसऱ्या रात्री तोच मेन्यू पुढे आला की चेहरा पडतो. म्हणून एका पबमध्ये दोन रात्री पुरे, पुढच्या दरीत दुसरा शोधावा. दुपारी प्लाउमन्स घ्या: पाव, लोणचं, कांदा, सफरचंद आणि चीजचा जाडजूड तुकडा. डेल्समध्ये ते चीज वेन्स्लीडेल असेल, हॉजच्या क्रीमरीतलं. शेतकऱ्याची पिढीजात शिदोरी म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते ताट या नावाने घरोघरी पोहोचलं १९५० आणि ६० च्या दशकांत, चीजच्या प्रचारासाठी. चव त्याने कमी होत नाही. आणि स्टिकी टॉफी पुडिंग सोडू नका, भले दोघांत एक घ्या. खजुराचं असतं, आपल्या जिभेला लगेच रुचतं.

बिअर पिणाऱ्यांसाठी दोन शब्द. हाताने ओढायच्या पंपातून येणारी एल कोमट असते अशी आपल्याकडे समजूत आहे. ती तळघराच्या तापमानाची, म्हणजे साधारण ११ ते १३ अंशांची असते. ही पिंपातली बिअर कारखान्यांच्या फेसाळ बिअरपुढे संपत चालली होती, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी जी चळवळ सुरू केली ती म्हणजे आजची कॅमरा. उघडलेलं पीप तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबतं. म्हणून लहान गावात आठ पंप दिसले की मी जरा साशंक होतो. दोन-तीन असतील तर मालक हिशेबाने चालवतोय असं समजतो, आणि असा मालक खोल्यांच्या बाबतीतही बहुधा नीट असतो. याला शास्त्रीय आधार काही नाही. पक्क्या शाकाहाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की पारंपरिक एल निवळायला माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो न वापरणाऱ्या ब्रूअरीही आता बऱ्याच आहेत, विचारलं की सांगतात.

संध्याकाळ कुणाबरोबर जाते

बी अँड बीतल्या गप्पा सकाळच्या, बाईंबरोबर, टोस्ट खाता खाता. पबमधल्या संध्याकाळच्या आणि कुणाशीही. स्वेलडेलमधल्या एका पबात बाबांच्या शेजारी एक मेंढपाळ येऊन बसला. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं, त्याचं यॉर्कशायरचं; पहिली दहा मिनिटं दोघं एकमेकांकडे बघून नुसतं हसत होते. मग बाबांनी विचारलं की वर माळावर कुंपण नाही, तर मेंढ्या हरवत नाहीत का? त्यावर तो तासभर बोलला. तिथल्या मेंढ्या आपापला माळ ओळखतात, आई कोकराला शिकवते, तेच कोकरू पुढे आपल्या कोकराला. कळप विकला तरी माळाबरोबरच विकायचा, कारण नव्या मेंढ्यांना ती हद्द माहीत नसते. २००१ च्या लाळ-खुरकुताच्या साथीत सरकारने लाखो जनावरं मारली तेव्हा भीती हीच होती, की कळप गेले तर ही ओळखही जाईल. बाबा गावाकडचे, पुढचे दोन दिवस रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक मेंढीला ते त्याच नजरेने बघत होते.

असं दर वेळी घडेल असं नाही. कधी शेजारी बसणारा फक्त फुटबॉलवर बोलतो, कधी कुणीच बोलत नाही.

पबमधल्या अशा सोबतीचं टोक बघायचं असेल तर टॅन हिल इन. समुद्रसपाटीपासून १,७३२ फुटांवर, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब म्हणून ओळखला जाणारा, आजूबाजूला माळाशिवाय काही नाही. नोव्हेंबर २०२१ च्या अर्वेन वादळात साठेक माणसं तिथे बर्फात तीन रात्री अडकली. त्यात ओएसिसची गाणी म्हणणारा एक बँडही होता. बातम्या वाचून आईने मला फोन केला होता, तिथे जाऊ नकोस म्हणून. माझी बायको मात्र तेव्हापासून तिथेच जाऊ या म्हणतेय.

जुनेपणाला मात्र भुलू नका. ‘इंग्लंडमधला सर्वांत जुना पब’ अशा पाट्या बऱ्याच ठिकाणी आहेत. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याखालच्या पबवर तर ११८९ हे साल ठळक लिहिलंय, आणि आजची इमारत त्याहून कितीतरी शतकांनी अलीकडची आहे. त्यापेक्षा कॉट्सवोल्ड्सच्या बाजूला जाणार असाल तर ब्रेटफर्टनचं फ्लीस इन बघा. शेकडो वर्षं एकाच कुटुंबाकडे होतं, शेवटच्या मालकीणबाई १९७७ मध्ये वारल्या आणि त्यांनी ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. चुलीपाशी चेटकिणी आत येऊ नयेत म्हणून काढलेली पांढरी वर्तुळं अजून आहेत.

मग कुणी काय घ्यावं

पैशांचं म्हणाल तर पबमधली खोली वरवर थोडी महाग दिसते. पण बी अँड बीच्या दरात रात्रीच्या जेवणासाठीची धावपळ आणि टॅक्सी धरली तर माझ्या हिशेबाने फारसा फरक उरत नाही. तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो.

झोप हलकी असेल, सकाळी लवकर उठून लांब जायचं असेल, संध्याकाळी सहालाच जेवायची सवय असेल, किंवा बी अँड बी अशा गावात असेल जिथून पबला फुटपाथवरून चालत जाता येतं (ग्रासिंग्टन, हॉज, ॲम्बलसाइड ही तशी गावं), तर बी अँड बी घ्या. माझी तक्रार तिथे लागूच पडत नाही. आदल्या दिवशी टेबल सांगून ठेवा, म्हणजे झालं. पेनाइन वे किंवा कोस्ट टू कोस्ट या लांब पल्ल्याच्या वाटा पायी करणाऱ्यांनी मात्र शक्य तिथे पबच घ्यावा. दिवसभर पावसातून चालून बूट काढल्यावर जेवणासाठी पुन्हा ते चढवायची वेळ कुणावर येऊ नये. चिखलाच्या बुटांना पबमध्ये कुणी नाक मुरडत नाही. लँगडेलच्या ओल्ड डंजन घिलमध्ये गिर्यारोहकांसाठीचा बार पूर्वीच्या गोठ्यातच आहे.

आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांना मी पब सुचवतो, अंगणातल्या खोलीच्या अटीवर. बुकिंग वेबसाइटवरून करू नका, थेट फोन करा आणि एवढं विचारा: खोली बारच्या वर आहे का, आम्ही आहोत त्या रात्री गाणी किंवा क्विझ आहे का, रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी राहणाऱ्यांना जेवायला काय देता, शेवटची ऑर्डर किती वाजता. फोन उचलणारा शेवटच्या दोन प्रश्नांना ‘बघू, काहीतरी करू’ म्हणाला तर दुसरा पब बघा. वेळ सांगून टेबल लिहून घेतलं तर शनिवार सोडून कोणताही वार धरा. शनिवारी लग्नाची पार्टी असू शकते, आणि बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी एका रात्रीसाठी खोली देतही नाहीत.